दोन मांड्या आणि 9चा आकडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, तुमची कमेंट उडवली नाही, तशीच ठेवलीय. शिकलेली माणसं कसं बोलतात ते लोकांनाबी कळू द्या. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी : गंभीर जखमा आकड्यात कशा मोजतात ह्या माझ्या लेखावर साहेबांचं म्हणणं असं की लेख लांबलाय, ग्लासगो स्केल (पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी) दोन ओळीत उरकलाय, दोन्ही मांड्यांची हाडं मोडली तरी आयएसएस (इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर, सगळ्या जखमा मिळून किती गंभीर त्याचा आकडा) 9च भरतो ही मोठी खोट मी सांगितली नाही, आणि शेवटी, "कॅज्युअल्टीचं तोंड न पाहिलेल्यांनी गूगलवरून उचलून असलं लिहू नये."

लेख लांबला, मान्य. ग्लासगोचं मेंदूवाले बघतील.

आता ते तोंड न पाहिलेलं. साहेब, मी सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला ब्रदर होतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या सकाळपासून टेम्पोत, ट्रकात, बाजंवर घालून माणसं यायली होती, तेव्हा तुम्ही कितवीत होता ते तुमचं तुम्ही बघा. आणि उसाच्या सीझनचं तर विचारूच नका. रात्री रस्त्यात उभी ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, मोटारसायकल सरळ आत. असाच एक पोरगा आलता, पॅन्ट कात्रीनं कापली तर दोन्ही मांड्या टम्म फुगलेल्या, बाहेर रक्त जेमतेम, पण एकेका मांडीत लिटरभर रक्त आतल्या आत साठू शकतं हे मला गूगलनं शिकवलं नाही. पाणी द्या पाणी द्या म्हणायलता, हात गार, नाडी बोटाला लागंना. सलाईन लाव, थॉमस स्प्लिंट आण, कुणाला तरी ब्लड बँकेला पळव. त्याचा आयएसएस किती, कुणी विचारलं नाही.

विचारणार बी कामून? तो आकडा दारात काढायचा नसतोच. पिकाचा पंचनामा पाऊस उघडल्यावर होतो, तसलं आहे हे. सीटी झाला, पोट उघडल्यावर प्लीहा किती फाटली ते दिसलं, मग एकेका जखमेला एआयएसचा, म्हणजे एकेक जखम किती वाईट ते सांगणाऱ्या पट्टीचा, 1 ते 6 मधला नंबर. अंगाचे सहा भाग, त्यातले सगळ्यात वाईट तीन, प्रत्येक भागातला एकच मोठा नंबर घ्यायचा, वर्ग करायचा, बेरीज मारायची. जास्तीत जास्त 75, आणि कुठं 6 लागला की सरळ 75च. सुझन बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1974 ला हे मांडलं ते बाल्टिमोरच्या 2128 अपघातग्रस्तांवरनं, ते ह्यासाठी की एका ठिकाणचे पेशंट दुसरीकडच्यांशी तोलता यावेत, नाहीतर ज्या दवाखान्यात जास्त मेले तो वाईट म्हणायला लोक मोकळेच. 15 च्या वर गेला की मेजर ट्रॉमा धरतात.

आता हातपाय-कंबर हा भाग एकच, नंबर एकच घ्यायचा, मोडलेल्या मांडीचा नंबर 3, त्याचा वर्ग 9, मग मांड्या दोन मोडू द्या नाहीतर एक. हे माझ्या लेखातल्या नियमात आहेच की, तुम्हाला वेगळ्या ओळीत लिहून पायजे होतं. म्हणजे तो पोरगा कागदावर मेजर ट्रॉमा नाहीच! हे काय मला पटतंय का? म्हणून तर 1997 ला ऑस्लर आणि मंडळींनी एनआयएसएस, म्हणजे नवा आयएसएस, काढला, भाग बघायचाच नाही, सगळ्यात वाईट तीन जखमा घ्या, मग 9 आणि 9, 18 होतात.

बरं, असंल तुमचं बरोबर. पण तेच दोन ओळीत, नीट माणसासारखं सांगता येत नव्हतं का? "असल्यांनी लिहू नये" म्हणायचं तर साहेब तुम्ही लिहा, लिंक टाका, पहिला मी वाचीन.

एनआयएसएसवरचा लेख पुढच्या आठवड्यात टाकायलोय. आधीच ठरलेलं होतं, तुमच्यामुळं नाही.