डावा हात ऐका

जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथ २००५ मध्ये गेला; त्याच्यावरचा लेख वाचल्यापासून त्याचं ‘द सर्मन’च लावून बसलोय. वीस मिनिटांचा ब्लूज, मागे आर्ट ब्लेकीचे ड्रम्स.

लेखात म्हटलंय की तो बास, म्हणजे खालचे जाड सूर, ऑर्गनच्या पेडलवर पायांनी वाजवायचा. हे अर्धंच खरं. नीट कान देऊन ऐका: चालता बास (ठोक्याठोक्याला एकेक सूर पुढे टाकत जाणारा) बहुतेक डाव्या हातात असायचा. पाय पेडलवर नुसता टिचकीसारखा पडायचा, सुराला ठोका मिळावा म्हणून. उजवा हात मोकळा! मग त्या हाताचा एक सूर दाबून धरायचा आणि उरलेल्या बोटांनी त्याच्याभोवती धुमाकूळ घालायचा, ऐकणाऱ्याचा श्वास कोंडेपर्यंत.

फॅट्स वॉलर, वाइल्ड बिल डेव्हिस त्याच्या आधी ऑर्गन वाजवत होते, मान्य. पण १९५६ मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीवर त्याच्या रेकॉर्ड्स यायला लागल्या आणि ऑर्गन, गिटार, ड्रम्स एवढ्यावर मैफल उभी राहू लागली. बासवाल्याची गरजच संपली (बासवाल्यांनी माफ करावं). आणि हे सगळं हॅमंड बी-३ या इलेक्ट्रिक ऑर्गनवर, म्हणजे चर्चमध्ये शोभणाऱ्या त्या लाकडी धुडावर.

चौथ्यांदा लावतोय आता. या वेळी फक्त डावा हात ऐकणार.