दोन बाणांची सनद

रविवारी सकाळी पोहे खाता खाता मी खोटारडा ठरलो. इंदूरच्या रामबागेजवळचा ठेला, उकळत्या पाण्यावर ठेवलेली परात, पोह्यांवर शेव आणि जीरावण मसाला, शेजारी जिलबी. अशा मंगल वातावरणात कोणी कोणाचा पाणउतारा करू नये. पण आमच्या गल्लीतल्या काकांना मुहूर्त लागत नाही.

"तूच का रे तो लेख लिहिलास? अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर म्हणून?"

मी विनयानं मान लववली. ऑनलाइन लिहायला लागून चार वर्षं झाली, रस्त्यावर ओळख निघायची ही पहिलीच वेळ.

"चूक आहे."

"काका, १७६७ ते १७९५ कारभार महेश्वरहूनच चालला. राजधानी इंदूरला आली ती १८१८ मध्ये, मंदसौरच्या तहानंतर."

"मग एअरपोर्ट महेश्वरला का नाही?"

मी चमचा खाली ठेवला. काका रंगात आले. एअरपोर्टला नाव कोणाचं? अहिल्याबाईंचं. युनिव्हर्सिटीला? अहिल्याबाईंचं. दोन्ही कुठे आहेत? इंदूरात. "म्हणजे एवढं मोठं सरकार येडं आणि तू एकटा शहाणा?"

"मुंबईच्या विमानतळाला शिवाजी महाराजांचं नाव आहे, काका. मग राजधानी रायगडावरून अंधेरीला आणायची का?"

"विषय बदलू नको." असं म्हणून त्यांनी पोहेवाल्याकडे दाद मागितली. त्यानं झारा न थांबवता निकाल दिला, "एअरपोर्ट तो अपने इंदौर में ही है, भिया." रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. एकाला मराठी येतही नव्हतं.

मग काकांनी खिशातून पुरावा काढला, म्हणजे मोबाईल. लांबलचक मेसेज, वर हात जोडलेले, खाली हात जोडलेले, मध्ये इतिहास. मी विचारलं, कोणी लिहिलंय? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि मेसेजच्या डोक्यावर बोट ठेवलं. "हे दोन बाण दिसतात? साध्या मेसेजला एकच असतो. दोन म्हणजे पास झालेला."

काका, तो इशारा आहे हो! मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरलाय, मूळ कोणाचं ते ठाऊक नाही, जपून वाचा, म्हणून २०१९ मध्ये ते दोन बाण आणले. व्हॉट्सॲपनं धोक्याची पाटी लावली आणि आमच्या काकांनी तिची सनद केली. हे सगळं मी बोललो नाही. तोंडात जिलबी होती.

खरं सांगायचं तर राग काकांचा नव्हता. त्या लेखासाठी मी तीन रविवार घालवले होते. नव्वदेक किलोमीटरवरच्या महेश्वरला बसनं गेलो, किल्ल्यातल्या राजवाड्यात उभा राहिलो, परत येऊन ग्रंथालयात धूळ खाल्ली. लेखाखाली संदर्भ दिले. ते संदर्भ आजवर एकानंही उघडलेले नाहीत. एक्केचाळीस लोकांना लेख आवडला, त्यात चार घरचे. त्याच दिवशी मावशीनं बेसनाच्या लाडवांचा फोटो टाकला. आकडा सांगत नाही, मावशी आहे.

विश्वास बसावा म्हणून माणसानं करायचं तरी काय? पुस्तकांच्या कपाटापुढे फोटो काढून झाला. कपाट सासऱ्यांचं, त्यात बहुतेक दिवाळी अंक. नावापुढच्या निळ्या टिक-खुणेचाही विचार केला होता. एके काळी ट्विटर ती पडताळणी करून द्यायचं, २०२२ पासून महिन्याचे पैसे भरले की मिळते. पैसे मोजून खरं ठरण्यापेक्षा फुकटात खोटं ठरलेलं परवडलं. पुण्याच्या एका वाचकानं तर लिहिलं होतं, "इंदूरकर, आधी मराठी सुधारा." त्यांच्या वाक्यात तीन चुका होत्या. मी मोजल्या. ठेवल्यात जपून.

घरी आलो आणि एक हलकट काम केलं. लेख अर्धा केला, संदर्भ उडवले, वर-खाली हात जोडले, आणि शेवटी असलेलं माझं नाव मीच पुसलं. नाव ठेवलं असतं तर काकांनी वाचलंच नसतं. बायकोला पाठवला, तिनं मेहुणीला, मेहुणीनं बडोद्याच्या भावाला, असं करत सातव्या हाती देवासच्या आतेभावाकडे. तो आणि काका एकाच भजनी मंडळात.

मंगळवारी रात्री काकांचा मेसेज आला. दोन बाण. खाली ओळ: "हे वाच. असं लिहावं माणसानं. अभ्यास दिसतो."

या रविवारी ठेल्यावर ते माझ्या आधी हजर होते. पोहेवाल्याला समजावत होते, "राजधानी महेश्वर थी, समझे?" मला पाहताच म्हणाले, "बघ, मी तुला तेव्हाच सांगत होतो."

पोह्यांचे पैसे मी दिले. त्यांचेही.