आयर्विनची फुटं कळतात, मग पाणी का नाही?

"आकडं लोकांच्या हातात दिलं की नुसती घबराट हुती. त्यातलं कळतंय कुणाला?" परवा फोन चालू असतानाच सांगलवाडीच्या मामांनी नातवाला गप्प केलं. पोरगा एवढंच म्हणत होता, की कृष्णेच्या पाण्यात प्राणवायू किती आहे ते रोज माई घाटावर फळ्यावर लिहा.

कुणाला कळतंय? मामा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी सांगलीत कुणाला कळत नाही? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे भाजीवाल्या मावशींनाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तासातासाला फुटं विचारूनच लोक धान्याची पोती माडीवर चढवत होते. मग शहराचं सांडपाणी आणणारा शेरी नाला जिथं नदीत मिसळतो, तिथला आकडा तेवढा अवघड कसा? माशांना लिटरमागं निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. झालं, एवढंच तर कळायचं आहे.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला राहतो. व्हास्को रोडनं ऑफिसला जाताना रोज लॉरेन्स लिव्हरमोर या सरकारी लॅबचं कुंपण लागतं. आत अण्वस्त्रांचं संशोधन चालतं, तरी हवेतलं, भूजलातलं, अगदी आमच्या खोऱ्यातल्या वाइनमधलंही ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मोजून पर्यावरण अहवालात छापलेलं आहे. भूजल दूषित म्हणून ही जागा १९८७ पासून सुपरफंडच्या, म्हणजे साफ करायच्या दूषित जागांच्या सरकारी यादीत आहे, तेही लपवलेलं नाही. ते वाचून आमच्या गल्लीतलं कुणी घर विकून गेलं नाही.

हे सांगितलं तर मामा म्हणाले, "तिकडं बसून शिकवू नगंस. पाणी आम्ही पितोय."

अहो, म्हणूनच आकड्यावर पहिला हक्क तुमचा! मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुने महिन्याचे, माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस, आणि मासे मरतात एका रात्रीत.

पण मामांचं वाक्य लागलं. इथं लॅबच्या सभेला मी सोळा वर्षांत एकदाही गेलो नाही. तिचा अहवाल वाचताना पोटात कधी कालवलं नाही. जुलैत आयर्विनला पाणी पस्तीसच्या वर गेलं, की मात्र मी रात्री दोनदा उठून फोन बघतो.