‘सवय होते’ म्हणे!

मोठी दुर्घटना झाली की पाठोपाठ एक मेसेज फिरू लागतो. त्याचा आशय असा: बचावकार्य करणाऱ्यांना मृतदेहांची सवय होते, कच्च्या मनाचे गळतात, पक्के टिकतात, त्यांना बोलतं करून उगाच खपल्या काढू नका, फार तर एकदा समुपदेशन उरकून घ्या. सूर कौतुकाचा असल्यामुळे कुणी हरकत घेत नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून बघण्यासारखं आहे.

आधी ‘सवय’. ती कामाची होते, हे खरं. पहिल्या अपघाताला थरथरणारा हात पुढे सराईतपणे सलाइन लावतो. पण म्हणून आत काही साठत नाही, असं नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या पुस्तिकेत (२०१३) मानसिक आघाताच्या व्याख्येतच भीषण प्रसंगांच्या तपशिलांना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं धरलंय, आणि उदाहरण दिलंय ते मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांचं. म्हणजे मेसेज ज्याला ढाल समजतो, त्यालाच ही पुस्तिका धोका म्हणते.

आता ‘कच्च्या मनाचे’. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ रेल्वे अपघात झाला, २९०हून अधिक माणसं गेली. चारच दिवसांनी एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी दिल्लीत जाहीर कार्यक्रमात सांगितलं, की तिथे काम केलेल्या एका जवानाला पाणी दिसलं की रक्तच भासतं, आणि दुसऱ्याची भूकच मेली आहे. हे निवडून, प्रशिक्षण देऊन पाठवलेले जवान. त्यांना कच्चे म्हणायची कुणाची छाती आहे? दलप्रमुखानेच हे उघडपणे बोलावं, हे मला फार मोलाचं वाटलं. वरिष्ठ बोलले, की खालच्याला ‘साहेब, झोप लागत नाही’ म्हणायला तोंड उघडता येतं. नाहीतर फाइलवर शेरा येईल, या धास्तीने माणूस गप्पच राहतो आणि ‘पक्का’ ठरतो.

बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, हे मात्र मान्य. सगळेच आजारी पडतात, असा उलटा मेसेज फिरवण्यात अर्थ नाही.

खपल्या काढण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण ते भलत्याच टोकाला नेलंय. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय पाहिलंस, काय वाटलं’ विचारण्याची पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली. पुढच्या अभ्यासांत अशा एकाच सत्राने नंतरचा आजार टळत असल्याचं दिसलं नाही, आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. तेव्हा ‘एकदा उरकून घ्या’ हा सल्लाही बाद. सुरुवातीला लागतं ते अगदी साधं: गरम जेवण, झोप, घरी फोन, ड्यूटीची अदलाबदल, आणि ज्याला बोलायचंय त्याला ऐकणारं माणूस. महिना उलटूनही दचकून जाग येत असेल, चिडचिड वा दारू वाढत असेल, तर मात्र मानसोपचार हवेत, आणि ते अनेक सत्रं चालतात.

अदलाबदल म्हणणं सोपं आहे. आपल्या १०८ च्या रुग्णवाहिकेत एक डॉक्टर आणि एक पायलट, म्हणजे चालक. पेशंट उतरवला, स्ट्रेचर पुसला, की पुढचा कॉल. त्यात पायलटला सगळे नुसता ड्रायव्हर समजतात, जखमीला उचलायला मात्र तोही असतो.

आणि ज्यांची ही नोकरीच नाही, त्यांचं काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर यंत्रं नेता येईनात, म्हणून फावडी-कुदळींनी उपसा चालला. जवानांबरोबर ट्रेकर्स आणि आसपासची माणसंही होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असताना २३ जुलैला शोध थांबवावा लागला. अशा स्वयंसेवकांना ना हजेरीपट, ना रजा, ना दलाचा डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. पण तो फिरवायचं सुचायला हवं ना. तहसील कार्यालयाने मदतीला आलेल्यांची नावं आणि नंबर त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावेत, आणि महिन्याभराने प्रत्येकाला एक फोन करावा. त्याला वेगळा निधीही लागत नाही.