आंब्याच्या पानावरच्या गाठी म्हणजे कॅन्सर? कुऱ्हाड ठेवा खाली

आठवडा झाला, आमच्या लातूरकडं एक मेसेज फिरायलाय. आंबा, उंबर, करंज, तिन्हीच्या गाठाळलेल्या पानांचे फोटो अन् खाली लिहिलंय की एकच विषारी माशी सगळी झाडं धरायली, हा झाडांचा कॅन्सर हाय, असल्या झाडाचा आंबा खाऊ नका, कडक औषध मारा नाहीतर झाड तोडून जाळा. आमच्या चुलत्यानं केसरच्या झाडाखाली कुऱ्हाड नेऊन ठेवली, तवा म्हटलं लिहावंच.

एकच माशी, हे पहिलं खोटं. आंब्यावर मिज माशी असती, प्रोकॉन्टारिनिया मॅटियाना, डासाहूनही बारीक, आंबा सोडून दुसऱ्या झाडावर जगत नाही. उंबराच्या गाठी सिलिड नावाच्या रस शोषणाऱ्या किड्याच्या. अन् करंजावरचे फोड तर माशीचेही नाहीत अन् किड्याचेही नाहीत, नुसत्या डोळ्याला न दिसणारा कोळी हाय तो (माइट म्हणतात, जाळं विणणारा कोळी नव्हं), पाय चारच.

कॅन्सर म्हणाल तर माशी कोवळ्या पालवीत अंडी घालती, अळी आत खायला लागली की झाडच तिच्याभोवती पेशी वाढवतंय. एका गाठीत एक अळी. फांदीत, खोडात ती गाठ पसरत नाही. पटत नसंल तर ब्लेडनं कापून बघा.

फळ विषारी होतंय म्हणं! पानातली अळी फळात उतरत नाही हो. अन् गाठीचंच भ्या असंल तर बाळगुटीतलं मायफळ काय हाय? ती ओकच्या झाडावरची गाठच, तिकडं ती एका बारीक गांधीलमाशीमुळं होती. आपण सगळे ते चाटूनच मोठे झालो.

औषध मारून गाठीतली अळी सहजी मरत नाही, उलट तिच्यावर जगणाऱ्या परजीवी माश्या आधी मरतात. खरी काळजी मोहोरावरच्या मिज माशीची, ती वेगळी. तिच्यानं मोहोराचा दांडा वाकडा होतो, कळ्या-गुंडी फळं गळतात अन् अळी कोषात जायला खाली मातीत पडती, म्हणून झाडाखालची माती हलवून उन्हं द्यायची असती. नुकसान खरं हितं होतंय, अन् मेसेजमधी त्याचा एक शब्द नाही!

चुलत्यानं काल सात गाठी कापल्या, पाचात पिवळी अळी, दोन भोकं पडून रिकाम्या. कुऱ्हाड अजून झाडाखालीच हाय, पण आता बाभळीच्या फांद्या तोडायला.