आमचं ‘री’ काढू नका री!

बेळगावच्या मराठीतनं ‘री’ काढून टाका म्हणणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक पुण्याकडचे पाहुणे आणि दुसरे आमचेच, पुण्यात नोकरी करून परत आलेले. दुसरे जास्त कडक!

“या री”, “बसा री”, “नाही री, कालच गेले ते.” हे कानडीतनं आलंय, उघड आहे. ‘एन’ म्हणजे काय, ‘एन्री’ म्हणजे काय हो. ‘बा’ म्हणजे ये, ‘बर्री’ म्हणजे या. आपण ‘या’ म्हणून मान देऊन झाल्यावर वर परत ‘री’ लावतो, म्हणजे डबल मान. बिघडलं कुठं?

खानापूरच्या बसमध्ये कंडक्टर “मुंद होग्री, मुंद होग्री” करत येतो. एखादी म्हातारी बुट्टी पायाशी ओढून घेत म्हणते, “कुठं जाऊ री फुडं, माणसं हाईत की!” भांडण दोन भाषांतलं, पण ‘री’ दोघंही सोडत नाहीत. ‘री’ जाऊन ‘ले’ आलं की समजावं, एकतर जिगरी दोस्त आहेत नाहीतर आता गचांडी धरणार.

कानडी घरात बायको नवऱ्याला नुसती “री!” म्हणून हाक मारते. आपलं ‘अहो’च की ते.

हिंदीत मात्र सगळं उलटं. ‘अरी’, ‘सखी री’, ‘माई री’. तिथं ‘री’ बाईलाच, तेही सलगीचं. तिकडच्या साहेबाला “आइए री” म्हणून बघा एकदा! बंदिशींत ‘एरी’ येतं तेही त्यातलंच. आणि बंदिशी गाण्यात हयात घालवलेले कुमार गंधर्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म १९२४चा, घरची भाषा कानडी. त्यांना दोन्हीकडचं ‘री’ ठाऊक.

प्रमाण मराठीत ‘री’ उरली ती ओढण्यापुरती. गाणाऱ्यामागं साथीदार सूर धरून ठेवतो ती री, आता होयबांच्या वाट्याला आलेली. मराठी शाळा आणि मराठी पाट्यांसाठी भांडायचं तर मी पुढं आहे. पण पुण्याची री ओढायची म्हणून आमचं री सोडायचं, हे मला पटत नाही.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी सांगा री, तुमच्याकडं ‘री’ जास्त चालतं की कोल्हापूरचं ‘जी’?