पुन्हा तीच फाइल

नवऱ्याजवळ राहायच्या व्हिसाची पावणेतीन वर्षं संपत आली, मुदत वाढवायला काढा परत फाइल! लग्न खरं आहे हे दाखवा, संसार परवडतो हेही दाखवा. ब्रिटनमध्ये नवऱ्याजवळ राहायला वर्षाला २९,००० पौंडांची मिळकत लागते. एप्रिल २०२४ आधी अर्ज केलेल्या शेजारणीला मात्र अजून १८,६०० चालतात. आमचं नशीब! हा गोदामात रात्रपाळी करतो, मी केअर होममध्ये. सहा महिन्यांच्या पगारपावत्या बँक स्टेटमेंटशी पै न् पै जुळवत बसते. वर आरोग्य अधिभार, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरायचे पैसे, वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळा आगाऊ. आणि पगारातून नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याची वर्गणी, कापतात ती वेगळीच! कायम वास्तव्याचं नाव पाच वर्षांनी. सासूबाई फोनवर विचारतात, "अगं, सून ना तू त्या घरची? मग कागद कसले?"